वहीत नसलेली बाकी

माझ्या उपजीविकेला आमच्या गोतावळ्यात अजून धड नाव मिळालेलं नाही. "ती कॉम्प्युटरवर कायसं लिहिते," इथवर बहुतेकांची मजल जाते. खरं काम सांगायला सोपं आहे. पुण्यात कुणी हातकागदाच्या वह्या विकतं, कुणी लाकडी घाण्याचं तेल, कुणी खणाच्या पिशव्या. दुकान नसतं, वेबसाइट असते. अशा मंडळींच्या गिऱ्हाइकांना जाणाऱ्या मेल मी लिहिते. मोठ्या कंपन्यांकडे याच कामाला अख्खा विभाग असतो. यांच्याकडे एक मोबाइल आणि पाच-सहाशे पत्ते असतात. या विद्येचे हल्ली वर्ग निघाले आहेत, त्यातले एक-दोन मीही केले. पण विद्या मिळाली ती नारायण पेठेतल्या एका मावशींकडून, आणि त्यांनी स्वतः आजवर एकही मेल टाइप केलेली नाही.

मावशींचं नाव इथे देत नाही. "माझं नाव डब्यावर असतं, तेवढं पुरे," असं त्या म्हणतील. वाडा पडून तिथे इमारत झाली तेव्हा त्यांनी बिल्डरकडे एकच हट्ट धरला: स्वयंपाकघर तळमजल्यालाच हवं आणि मागं मोकळी जागा हवी. त्या जागेत दसऱ्याच्या आधीपासून भाऊबीजेपर्यंत कढया चढलेल्या असतात. चकली, कडबोळी, चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे आणि रव्याचे लाडू, करंज्या, आणि मोजक्या ओळखीच्यांसाठी अनारसे. सुरुवातीला गिऱ्हाईक पेठेतलंच होतं. मग पेठेतली मुलं शिकून अमेरिकेला गेली, आईवडील कोथरूडला आणि सहकारनगरला राहायला गेले, आणि मावशींचा फराळ दोन्हीकडे जाऊ लागला. पुतण्यानं वेबसाइट करून दिली. ऑर्डरीबरोबर मेलचे पत्ते येऊन पडू लागले, आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला.

मी तेव्हा बी.कॉम. करून घरी बसले होते, त्यांच्याच इमारतीत. "अगं, तुला मराठी टाइप करता येतं ना? मी सांगते, तू लिही," असं म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून मी लॅपटॉप मांडीवर घेई, आणि त्या झारा हातात धरून मजकूर सांगत. तळणीवरची नजर न हलवता. त्यामुळे वाक्यं आपोआप लहान येत. एक घाणा निघेपर्यंत मेल संपलेली असे.

पहिलं भांडण झालं ते विषयाच्या ओळीवरून. पुतण्याचं म्हणणं, दिवाळीचा आनंद द्विगुणित करा, असं काहीतरी झळाळतं हवं. मावशींनी विचारलं, "हे वाचून माणूस काय करेल?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: "अमेरिकेचं पार्सल: शेवटची तारीख २५ सप्टेंबर". मोबाइलच्या पडद्यावर विषयाची तीसेक अक्षरं दिसतात आणि पुढचं कापलं जातं, हे मी नंतर वर्गात शिकले. मावशींनी ते न शिकता साधलं होतं, कारण कामाची गोष्ट आधी सांगायची ही त्यांची रीतच होती. पाठवणाऱ्याच्या जागीही त्यांना वेबसाइटचं नाव नको होतं. "संस्थेला कोण उत्तर देतं? माझं नाव घाल. आणि उत्तर आलं तर ते कुठे जाईल ते बघ." उत्तर देता येणार नाही अशा पत्त्यावरून कंपन्या मेल पाठवतात हे ऐकून त्यांना ते खरंच वाटेना.

दुसरं भांडण जास्त गाजलं. "साठा मर्यादित, त्वरा करा" अशी ओळ आणि खाली उलटं मोजणारं घड्याळ घालावं, असं पुतण्यानं सुचवलं. मावशींनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "साठा मर्यादित कुठे आहे? भाजणीचं पोतं भरून पडलंय." मग थांबून म्हणाल्या, "अनारसे मर्यादित आहेत. तांदूळ तीन दिवस भिजतात, पीठ मुरावं लागतं, आणि करणारी मी एकटीच. ते लिही." त्या वर्षी मेलमध्ये एवढंच गेलं की अनारसे किती घरांना देता येतील, आणि का. कारणासकट गेलं म्हणून लोकांना ते पटलं. घाई करायला लावणारा मजकूर लिहायची पाळी माझ्यावर अजूनही येते. तेव्हा मी समोरच्याला आधी विचारते की खरोखर काय संपणार आहे. बहुतेक वेळा काहीच संपणार नसतं.

मावशींनी सांगितलेल्या मेलमधली मला सगळ्यात आवडते ती चकलीची. अमेरिकेला गेलेल्या चकल्या तुटतात, डबा कितीही गच्च भरा. मावशींनी लिहायला सांगितलं: "अमेरिकेला चकली मागवू नका. पोचेपर्यंत तिचा चुरा होतो. कडबोळी घ्या, भाजणी तीच आहे आणि जाड असल्यानं ती टिकते. चकली पुण्यातल्यांनी खावी." पुतण्या हवालदिल झाला. सगळ्यात जास्त खपणारा जिन्नस नको म्हणून सांगणारी जाहिरात त्यानं पाहिली नव्हती. पण त्या मेलनंतर बाकीच्या जिनसांबद्दल मावशी जे म्हणत त्यावर कुणी शंका घेतली नाही. स्वतःच्या मालातलं उणं ज्यानं आधी सांगितलं, त्याचं पुढचं कौतुक माणूस खरं मानतो. पुढे वर्गात हेच पान-दोन पान भरून शिकवलं गेलं, तेव्हा मला कडबोळीचा वास येत होता.

मावशींच्या धंद्यात एक गंमत होती. पैसे देणारा एक आणि खाणारा दुसरा. कोथरूडचे आईवडील ऑर्डर देत आणि न्यू जर्सीतली सून डबा उघडे. सगळ्यांना एकच मेल धाडणं मावशींना मंजूर नव्हतं. त्यांनी यादी फोडली: पाठवणारे आणि खाणारे. पाठवणाऱ्यांची मेल मराठीत, मोठ्या अक्षरांत, तारीख आणि फोन नंबर ठळक. ती दुपारी नको, कारण तेव्हा मंडळी झोपलेली असतात आणि उठल्यावर राहून जातं; पाचच्या चहाच्या वेळी जाऊ दे. खाणाऱ्यांची मेल वेगळी: पार्सल निघालं, आत काय आहे, आधी काय संपवावं, काय हवाबंद ठेवावं. ती इथल्या शनिवारी संध्याकाळी सातला गेली की ऑक्टोबरात तिथे पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ वाजलेले असत, सुट्टीचा दिवस. या दुसऱ्या मेलमध्ये विक्रीचं एक अक्षर नसे. तरी पुढच्या वर्षी थेट अमेरिकेतून येणाऱ्या ऑर्डरी त्याच यादीतून येत.

आता वहीबद्दल. मावशींकडे लांब, लाल कापडी बांधणीची वही होती. प्रत्येक घराला एक पान, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि खालच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात टिपणं. "सून गुजराती, तिखट कमी." "मुलाला शेंगदाण्याचं वावडं, चिवडा वेगळा." "वडिलांना साखर, लाडू देऊ नयेत, मागितले तरी." माझ्याकडे पत्त्यांची यादी संगणकावर होती, खरी यादी ती वही होती. प्रत्येक मेलआधी आम्ही दोन्ही समोरासमोर ठेवून वाचत असू. हा वेळ मला तेव्हा वाया जातोय असं वाटे. हळूहळू लक्षात आलं की या वाचनात मावशी नावं वाढवत नसत, गाळत असत.

एका पानाखाली लिहिलं होतं: "आजी गेल्या, श्रावणात." मावशी म्हणाल्या, "या घरी मेल जायची नाही." ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं तिथे दिवाळीला तळणीची कढई चढत नाही, नातेवाईक आणि शेजारी फराळाचे डबे नेऊन देतात, ही आपली रीत. अशा घरात "यंदाची दिवाळी गोड करा" म्हणणारी मेल जाऊन पडली तर तिची सल राहते. त्या घरचं नाव यादीतून काढलं गेलं, आणि मावशी स्वतः डबा घेऊन गेल्या. त्या डब्याची नोंद त्यांनी वहीत केली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो धंद्यातला नव्हता." दुसऱ्या वर्षी त्या घरचं नाव यादीत परत घालायची आठवण मात्र त्यांनीच मला केली.

कुणाला लिहायचं हे सगळे शिकवतात. कुणाला लिहायचं नाही, हे मी मावशींकडे शिकले, आणि माझ्या कामातला सगळ्यात कठीण भाग तोच आहे. नुकतीच ऑर्डर दिलेल्या माणसाला "अजून ऑर्डर दिली नाही?" असं विचारायचं नाही. तक्रार मिटलेली नसताना सवलत पाठवायची नाही. तीन वर्षं ज्यांनी एकही मेल उघडली नाही त्यांना एकदा नीट विचारायचं आणि गप्प बसायचं. मावशींनी तर सुरुवातीलाच विचारलं होतं, "लोकांनी पत्ता पार्सलसाठी दिला. जाहिरातीसाठी दिला का?" म्हणून ऑर्डरच्या अर्जावर एक ओळ आली: पुढच्या दिवाळीआधी आठवण करू का, हो किंवा नको. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी, हे तत्त्व आपल्याकडे २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आलं. नारायण पेठेत ते त्याआधीच लागू होतं.

मावशींच्या कपाटात 'स्त्री' मासिकाचे बांधलेले जुने अंक होते, आणि सासऱ्यांनी जपलेले 'किर्लोस्कर'चे काही. सासर सांगलीकडचं, किर्लोस्करवाडीपासून जवळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला १९०३ साली, आणि लोखंडानं जमिनीला विष चढेल या समजुतीनं शेतकरी तो घेईनात, ही गोष्ट मावशी सासऱ्यांच्या तोंडून ऐकत आलेल्या. अशा माणसांना माल विकायचा तर आधी त्यांच्याशी बोलायला हवं. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केली ती कारखान्याची आणि मालाची खबर देण्यासाठीच. पण वाचणाऱ्याला उपयोगाचं असं त्यात इतकं येऊ लागलं की कारखान्याचं ते पत्रक बघता बघता महाराष्ट्राचं मासिक झालं. मागून १९३० साली 'स्त्री' आलं, १९३४ साली 'मनोहर'. मावशी म्हणत, "नांगर न घेणाराही ते वाचायचा. तशी मेल लिहायची. फराळ न घेणाऱ्याच्याही उपयोगी पडली पाहिजे." मेलच्या तंत्राची पुस्तकं सगळी बाहेरची आहेत, असा माझा समज होता. या व्यवसायाचं कुळ आपल्या घरात आहे हे मला मावशींच्या कपाटानं दाखवलं.

मीही कधीकधी त्यांना बाहेरचं काही सांगे. एकदा जाहिरातीच्या पहिल्या घाऊक मेलची हकीकत सांगितली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी ३ मे १९७८ रोजी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांच्या प्रदर्शनाचं आमंत्रण न विचारता धाडलं. लोक संतापले, तंबी मिळाली. मावशींचा पहिला प्रश्न: "माल खपला का?" बराच खपला, असं थर्क पुढे सांगत असत. मावशींनी करंजीची कड मुडपत उत्तर दिलं: "पहिल्या फेरीवाल्याला सगळे दार उघडतात. त्याच्यामागून दहा आले की कडी लागते."

कडी खरंच लागली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम आवळले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला तर जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत यादीतून नाव काढायची सोय द्यावी लागते, आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. लहान व्यावसायिकालाही स्वतःच्या डोमेनवर एसपीएफ किंवा डीकेआयएमची नोंद लागते. मेल खरोखर त्याच डोमेनवरून निघाली याची ती खूण. ही कामं मी करून देते, तासा-दोन तासांची असतात. मावशींनी यातलं फक्त नाव काढायच्या सोयीत लक्ष घातलं. तिचं बटण करड्या, बारीक अक्षरांत तळाशी होतं. "मोठं कर. जायचंय त्याला दार शोधायला लावू नये."

किती जणांनी मेल उघडली याचा आकडा मी मोठ्या उत्साहानं सांगे. "उघडली म्हणजे वाचली का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय आणली की मेलमधली चित्रं, वाचणारा मेल उघडो न उघडो, आधीच उतरवून घेतली जातात. उघडल्याची मोजणी एका अदृश्य चित्रावरच चालते, त्यामुळे तो आकडा तेव्हापासून फुगलेला असतो. मावशींची मोजणी वेगळी होती: उत्तरं किती आली. मेलच्या शेवटी त्या एखादा खराखुरा प्रश्न ठेवत. "मागच्या वर्षी चिवडा तेलकट वाटला का?" लोक लिहीत, काही चांगलंच लिहीत. टीकेची उत्तरं मला मोठ्यानं वाचायला लावत आणि त्या दिवशी चिवडा करणाऱ्या बाईंना जवळ बसवून घेत.

मावशी गोड आहेत असा कुणाचा समज झाला असेल तर तो काढून टाकायला हवा. घासाघीस केली तर पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत. आभार मानायची सवय नाही. माझं शुद्धलेखन त्यांनी सगळ्यांसमोर काढलेलं आहे. मी एखादं वाक्य नटवलं की, "हे कुणासाठी? तुझ्यासाठी ना? मग तुझ्या वहीत लिही," असं म्हणून पुढच्या घाण्याकडे वळत.

२०२५ साली त्यांचं सगळं शहाणपण एका मेलमध्ये उतरलेलं मी पाहिलं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल करमाफीनं आत जाई. ती माफी २९ ऑगस्टपासून संपली. भारतीय मालावरचा कर त्याच आठवड्यात ५० टक्क्यांवर गेला. आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक टपाल घेणं थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. फराळाच्या धंद्याचे नेमके तेच आठवडे. खाजगी कुरिअर चालू होते, पण कर भरून. पुतण्याचा सल्ला होता की आधी ऑर्डरी घ्याव्यात आणि कराचं नंतर बघावं.

मावशींनी कढई उतरवली आणि या वेळी स्टुलासमोर बसून मजकूर सांगितला. विषय: "यंदा अमेरिकेचा फराळ: आधी खर्च वाचा". टपाल बंद आहे. कुरिअरनं जाईल, पण भाडं आणि कर मिळून फराळापेक्षा पाठवणीलाच जास्त पैसे पडतील. आम्हाला वाटतं यंदा पाठवू नये; तरीही पाठवायचं असेल तर थोडं पाठवा, कडबोळी आणि लाडू. आणि मग, मी थबकले, त्या म्हणाल्या लिही: "तिथे घरी करायची असेल तर भाजणीचं प्रमाण देते. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, धने-जिरे अंदाजानं. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजा. अडलं तर लिहा."

"मावशी, अहो, हे देऊन टाकलंत तर पुढच्या वर्षी मागवेल कोण?" मी विचारलं.

"ज्याला एकदा स्वतः करून बघायची वेळ येईल, तो," त्या म्हणाल्या.

उत्तरं यायला लागली ती त्याच रात्री. चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या, असं कुणी लिहिलं. मावशींनी कळवलं, आच मोठी ठेवलीत, वरून लाल झाली आणि आत कच्ची राहिली. तेलात विरघळल्या, असं कुणी लिहिलं. मोहन जास्त झालं. एकीनं सोऱ्याच नाही म्हणून कळवलं, तिला कडबोळी हातानं वळायला सांगितली. मी त्या दिवसांत टाइप करून थकले. धंदा त्या दिवाळीत बसलाच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण यादीतून नाव काढा म्हणून त्या मेलवर कुणी लिहिलं नाही.

माझ्याकडे येणाऱ्या उद्योगांना मी आता हेच करायला सांगते, थोडं शहरी भाषेत. आधी नावं गाळू या. एका मेलमध्ये एकच गोष्ट सांगू या. आपल्या मालातलं काय कुणाच्या उपयोगाचं नाही तेही लिहू या. काहींना पटतं, काही दुसरीकडे जातात. गेलेल्यांचं वाईट वाटत नाही, हाही मावशींचाच संस्कार.

ऋणाचा हिशेब मात्र जमत नाही. मावशींनी माझ्या प्रत्येक मेलचे पैसे दिले, त्याच दिवशी, सुट्ट्यांसकट. वहीत माझंही एक पान आहे. मी ते पाहिलं आहे. जमा आणि नावे बरोबर जुळतात, खाली दोन रेघा मारलेल्या आहेत, आणि टिपणाच्या जागी बारीक अक्षरात एवढंच: "हात चांगला. वाक्यं लांब करते." त्यांच्या लेखी माझ्याकडे काही येणं नाही, त्यामुळे मी काही परत करायला गेले तर त्या ते कुठल्या खात्यावर घेणार? मागे एकदा साडी घेऊन गेले, तर बिल मागितलं. तेव्हापासून मी फक्त वाक्यं लहान करत असते.